मदत हवी आहे: वाकवला की ओएलईडी काळा पडतो. दोष आयटीओचा की ओलीचा?

नमस्कार मंडळी. धुळ्याजवळच्या एका महाविद्यालयात लवचिक ओएलईडीवर (वीज दिली की उजळणारे सेंद्रिय थर) पीएचडी करतोय. रचना साधीच आहे, १९८७ मध्ये कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी दाखवलेल्या दोन थरांच्या वाटेवरची: आयटीओ (पारदर्शक वीजवाहक थर), मग दोन सेंद्रिय थर टीपीडी आणि अ‍ॅल्क्यू३, वर कॅथोड म्हणून अ‍ॅल्युमिनियम. काचेवर सुंदर हिरवा उजेड पडतो. १२५ मायक्रॉनच्या पीईटी प्लास्टिकच्या फिल्मवरही पडतो, पण पेनाभोवती एकदा गुंडाळून सोडली की अर्धा पिक्सेल गेलेला. मायक्रोस्कोपखाली पेनाच्या लांबीला समांतर केसासारख्या रेघा दिसतात.

पेनाचा व्यास १० मिमी. जाडी भागिले व्यास, म्हणजे पृष्ठभागावर ताण (लांबीतली वाढ) सव्वा टक्का. आयटीओ एक-दोन टक्क्यांतच तडकतो, म्हणून संशय त्याच्यावर. पण न वाकवलेल्या नमुन्यांवरही काळे ठिपके येतात! मे महिन्यात आमच्याकडे उन्हाने जीव जातो, पण हवा कोरडीठाक; तेव्हाचा नमुना दोन दिवस टिकला. जुलैतला संध्याकाळीच गेला. ग्लोव्ह बॉक्स (ओल-ऑक्सिजन नसलेली बंद पेटी) नाही. पुढच्या महिन्यात प्रगती अहवाल द्यायचाय, आधी कशाला हात घालू? १९९२ मध्ये वीजवाहक प्लास्टिकवर काम करणाऱ्या हीगर यांच्या गटाने पीईटीवर तशाच प्लास्टिकचा, पॉलिअ‍ॅनिलीनचा इलेक्ट्रोड वापरला होता. आयटीओ सोडून तसं काही करावं का?

उत्तर:
भाऊ, इलेक्ट्रोड बदलायची घाई नको. नुसती आयटीओ फिल्म घ्या, दोन्ही टोकांना मल्टीमीटर लावा आणि त्याच पेनावर वाकवा. एकदा आयटीओ बाहेरच्या बाजूला, मग नव्या तुकड्यावर आतल्या बाजूला. दाबापेक्षा ओढीने तो लवकर तडकतो. ठिपक्यांचं दुखणं वेगळं, तिथे ओल आणि ऑक्सिजन कॅथोडखाली शिरतात. वरून पीईटी चिकटवून भागणार नाही. त्यातून दिवसाला चौरस मीटरमागे ग्रॅमच्या हिशेबात वाफ जाते, ओएलईडीला ग्रॅमचा दहा लाखावा भागच चालतो. वाफ अडवणारं आवरण मिळेपर्यंत वाकवायच्या चाचण्या नमुना बाहेर काढल्या काढल्या उरका.

धागाकर्ता:
मनापासून आभार दादा! आज करून पाहिलं. बाहेरच्या बाजूला ९० ओहमचे दोन हजारांवर गेले आणि सरळ केल्यावरही उतरले नाहीत. आतल्या बाजूला जेमतेम ११०. आता ५० मायक्रॉनची फिल्म घेतोय, त्याच पेनावर ताण अर्धा टक्काच येईल. पण ती स्पिन कोटरच्या (नमुना गरगर फिरवून थर पसरवणारं यंत्र) व्हॅक्युमने मध्ये खोलगट होते. काचेवर कशाने चिकटवता तुम्ही, की नंतर न ताणता सुटेल?