मदत हवी आहे: भाचीला लग्नाआधी लेसिक (लेसरने चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन) करायचंय, रिपोर्टमध्ये नेमकं काय बघायचं?

रेवामावशी
नमस्कार मंडळी. भाची २२ वर्षांची, लग्न मार्गशीर्षात. सासरचं कुणी काही बोललेलं नाही, पण आमच्या ताईच्याच डोक्यात बसलंय की मुंडावळ्यांखाली चष्मा नको. नंबर उजवा -६.५ (सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, -१.२५), डावा -६ (सिलिंडर -०.७५). दीड वर्षात वाढलेला नाही असं भाची म्हणते, जुना कागद मात्र सापडत नाही. रोज मऊ लेन्स घालते, हल्ली डोळे कोरडे पडतात म्हणून कंटाळली आहे.

शहरातल्या एका सेंटरला दाखवलं. सकाळी लेन्स काढल्या, दुपारी तपासणी. काउन्सेलर मॅडमनी ब्लेडलेस, कॉन्टूरा आणि स्माइल अशा तीन पॅकेजचा कागद पुढे ठेवला, महिनाअखेरपर्यंत बुकिंग केलं तर सवलत म्हणाल्या. साड्यांच्या सेलमध्ये बसल्यासारखं वाटलं. डॉक्टर भेटले, पण उभ्याउभ्या. हातात रंगीत नकाशांचा रिपोर्ट आहे: कॉर्नियाची (डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक आवरणाची) जाडी उजवी ४९६ मायक्रॉन, डावी ५०१. उजव्या डोळ्याच्या नकाशात खालच्या बाजूला केशरी पट्टा आहे, डाव्यात तो फिकट आहे.

तीनपैकी कोणतं घ्यावं? मेडिक्लेम मिळतो का? आणि खरोखरचे त्रास काय होतात, ते ज्यांनी करून घेतलंय त्यांनी सांगा. ताई उद्याच पैसे भरायला निघाली आहे.

घाटवाटा
मी केलंय, नंबर साडेतीन होता. दुसऱ्या दिवशी अंथरुणातूनच समोरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयातली तिथी वाचली! ट्रेकला चष्म्यावर धुकं बसण्याची कटकट गेली, त्याबद्दल आजही खूश आहे.

पण कोरडेपणा पुष्कळ दिवस राहिला, ऑफिसच्या एसीत थेंबांची बाटली टेबलावरच असायची. रात्री एक्स्प्रेस वेवर समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात, पूर्वीपेक्षा कमी, पण दिसतात. आणि आता चाळिशी लागली तर वाचायला चष्मा आलाच. लेसिकने चाळिशी टळत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

ऑप्टोम_घाटावरचा
रेवाताई, मी याच खात्यात काम करतो म्हणून सविस्तर लिहितो. पॅकेज कोणतं हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न हा की हा डोळा लेसरला चालतो का.

सकाळी लेन्स काढून दुपारी केलेला स्कॅन बाजूला ठेवा. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स दोन आठवडे तरी बंद हव्यात, कडक असत्या तर चार. तोवर चष्मा, आणि मग पुन्हा स्कॅन. जुना नंबर चष्म्याच्या दुकानात मिळेल, त्यांच्याकडे नोंद असते. वर्षभरात अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक नको.

आता जाडीचा हिशोब. कॉर्निया सर्वसाधारणपणे ५४० मायक्रॉनच्या आसपास असतो, हिचा ४९६. एका नंबरामागे लेसर साधारण १४ मायक्रॉन खरवडतो. सिलिंडर धरून हिच्या उजव्या डोळ्यात ढोबळमानाने १०० ते ११० जातील. फेमटो लेसरने उचललेला फ्लॅप (खरवडण्याआधी बाजूला करायचा वरचा पापुद्रा) साधारण ११० चा. म्हणजे खाली उरले २७६ ते २८६. किमान २५० हवेत असा जुना संकेत, पण बरेच सर्जन ३०० च्या खाली उतरायला तयार नसतात. शिवाय फ्लॅप आणि खरवडणं मिळून एकूण जाडीच्या ४० टक्क्यांवर गेलं तर जोखीम वाढते, इथे ते ४२-४४ होतंय. ब्लेडलेस म्हणजे फ्लॅप ब्लेडऐवजी लेसरने कापतात, आणि कॉन्टूरा म्हणजे डोळ्याच्या नकाशाबरहुकूम खरवडणं. दोन्हींनी ही वजाबाकी फारशी बदलत नाही. स्माइलमध्ये फ्लॅप नसतो ही जमेची बाजू, पण त्यातही आतली चकती काढतातच, आणि ती जरा जाडच निघते.

मला जास्त खटकतोय तो केशरी पट्टा. लेन्समुळेही तसा दिसू शकतो. पण तो केराटोकोनसची सुरुवात असेल (कॉर्निया पातळ होत पुढे शंकूसारखा येतो), तर लेसिक करायचंच नाही. अशा डोळ्यात लेसिक केलं तर कॉर्निया आणखी फुगतो आणि नजर चष्म्यानेही सुधरत नाही. भाची डोळे चोळते का? घरात कुणाला हा त्रास आहे?

रेवामावशी
बाप रे. चोळते हो, लहानपणापासून! स्कूटीवरून आली की दोन्ही मुठींनी चोळत बसते, आम्ही धुळीची ॲलर्जी समजून सोडून देतो. आणि ताईला आत्ता फोन केला तर म्हणाली, हिच्या आत्याच्या मुलाला कडक लेन्स लागतात, 'कोन' काहीतरी नाव आहे आजाराचं.

ऑप्टोम_घाटावरचा
मग उद्या पैसे भरू नका. रिपोर्ट घेऊन कॉर्निया तज्ज्ञाकडे जा, जमल्यास जिथे लेसरची विक्री नाही अशा ठिकाणी. आत्याच्या मुलाचं आवर्जून सांगा. चोळणं आजपासून बंद, ॲलर्जीवर थेंब मिळतात.

डोळे निरोगी निघाले तर पीआरके हा पर्याय उरतो. त्यात फ्लॅप नाही, वरची ५० मायक्रॉनची त्वचा काढून लेसर मारतात, त्यामुळे खाली ३४० च्या आसपास शिल्लक राहतात. पण पहिले तीन-चार दिवस सणसणीत दुखतं आणि नजर बसायला काही आठवडे लागतात. दुसरा पर्याय आयसीएल, म्हणजे डोळ्याच्या आत बसवायची लेन्स. कॉर्निया पातळ असला की अनेकदा तीच सुचवतात. अर्थात ते डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे, आत पुरेशी जागा आहे का ते मोजावं लागतं आणि खर्चही जास्त.

निमा_ठाणे
लग्नाच्या तारखेचाही विचार करा. आमच्याकडे जावेने लग्नाच्या तोंडावर केलं होतं. डोळ्यात पाणी नको, काजळ-मस्कारा नको, आणि इकडे हळद, होमाचा धूर आणि अक्षतांचा मारा! त्यांना विधीभर गॉगल लावायची वेळ आली होती.

मेडिक्लेमचं: प्रमाणित अटींमध्ये ७.५ पेक्षा कमी नंबरासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. हिचा नंबर त्याखालीच आहे, त्यामुळे खिशातूनच धरून चाला.

कोथरूडचा_काका
त्रासांबद्दल एक ठोस आकडा. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेच्या 'प्राउल' पाहणीत, आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांनी लेसिकनंतर तीन महिन्यांनी कोरडेपणा नोंदवला. वलयं, चकाकी, दुहेरी दिसणं यांपैकी काहीतरी नव्याने जाणवणारे ४६ टक्क्यांपर्यंत होते. तरी बहुतेक लोक समाधानी होते, तेही खरं. तुमच्या भाचीला तर कोरडेपणा आधीच आहे.

थोडं अवांतर: लेसिकमध्ये खरवडायला वापरतात त्या एक्सायमर लेसरने ऊती न जाळता कापता येतात हे आयबीएममध्ये काम करणाऱ्या रंगास्वामी श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगातून १९८१ मध्ये पुढे आलं. प्रयोग कशावर, तर थँक्सगिव्हिंगच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीवर!

ऑप्टोम_घाटावरचा
काका, ती टर्की आम्हाला कॉलेजात पाठ होती :)

रेवाताई, एक राहिलं. सहाच्या पुढच्या नंबराला डोळ्याचा मागचा पडदाही (रेटिना) तपासून घ्या, कडेला पातळ जागा किंवा छिद्र असू शकतं. नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते, म्हणून पडद्याची तपासणी पुढेही दरवर्षी. आणि पुढेमागे काहीही केलं तरी आधीचे नंबर, जाडी, नकाशे यांची फाइल जपून ठेवा. म्हातारपणी मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर काढताना ती लागते, काचबिंदूच्या तपासणीतही डोळ्याचा दाब लेसरनंतर कमी दिसतो.

रेवामावशी
सगळ्यांचे आभार. ताईला अख्खा धागा वाचून दाखवला. आधी चिडली, मग आत्याच्या मुलाचे रिपोर्ट मागवायला तिनेच फोन लावला. बुकिंग थांबवलंय, लेन्स आजपासून बंद, कॉर्निया तज्ज्ञाची वेळ पुढच्या पंधरवड्यातली मिळाली आहे. भाचीचं म्हणणं, चष्म्यातच लग्न करते, फ्रेम तेवढी नवीन घ्या.

पडदा तपासायला थेंब टाकून बाहुली मोठी करतात ना? त्या दिवशी ती स्कूटीवर एकटी गेली तर चालेल का?

ऑप्टोम_घाटावरचा
नाही. काही तास धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. सोबत कुणीतरी जा, आणि गॉगल न्या.