मदत हवी आहे: बार्बेक्यूच्या केटरिंगमध्ये वाढपाच्या ट्रेमधले मांस तीन तास गरम आणि रसाळ कसे ठेवावे?

सर्वांना नमस्कार. मी आणि माझे पती टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहतो आणि गेली दोन वर्षे शनिवार-रविवारी छोट्या समारंभांना बार्बेक्यूचे जेवण पुरवतो. आमच्याकडे रीतसर परवाना आहे आणि स्वयंपाक भाड्याच्या व्यावसायिक स्वयंपाकघरात होतो. स्मोकर, म्हणजे धुरात मांस शिजवण्याची भट्टी, पूर्णपणे पतींच्या हाती असतो आणि वाढपाची जबाबदारी माझी असते. माझा प्रश्न या वाढपाचाच आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. इथे बार्बेक्यू म्हणजे शेगडीवर पटकन भाजलेले कबाब नव्हेत. मध्य टेक्सासच्या पद्धतीत मोठा तुकडा, विशेषतः ब्रिस्केट हा छातीचा भाग, मीठ-मिरी लावून ओकच्या लाकडाच्या धुरात २२५ ते २७५ अंश फॅरनहाइटला (१०७ ते १३५ अंश सेल्सियस) दहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ ठेवतात. तेव्हा कुठे त्यातल्या चिवट कोलॅजेनचे जिलेटिन होते आणि मांस बोटाने तुटेल इतके मऊ पडते. पंगतीत जिलबी किंवा भजी जशी कढईतून थेट पानात येतात, तसे इथे शक्यच नाही. पदार्थ आदल्या रात्री चढतो, सकाळी उतरतो आणि पाहुणे येईपर्यंत तो सांभाळावा लागतो. म्हणूनच या व्यवसायात शिजवण्याइतकेच सांभाळण्यालाही महत्त्व आहे, आणि नेमके तेच मला अजून नीट जमलेले नाही.

मे महिन्यात एका पदवीदानाच्या मेजवानीला १२० पाहुणे होते आणि जेवण घरामागच्या बागेत होते. वेळ बाराची ठरली होती, म्हणून आम्ही सव्वाअकरालाच ब्रिस्केट कापून ४ इंच खोल अशा दोन पूर्ण आकाराच्या अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये काठोकाठ भरले, पुल्ड पोर्क म्हणजे तंतू सोडवलेले डुकराचे मांस तिसऱ्या ट्रेमध्ये आणि कोंबडीचे तुकडे चौथ्या ट्रेमध्ये ठेवले. ट्रे तारेच्या स्टँडवर होते, खालच्या ट्रेमध्ये नळाचे पाणी होते आणि प्रत्येकाखाली जेल इंधनाचे दोन डबे पेटवले होते. प्रत्यक्षात पहिले ताट पाऊण वाजता वाढले गेले आणि जेवणे तीनपर्यंत चालली. दीड वाजता मी थर्मामीटर लावून पाहिला, तेव्हा ब्रिस्केटच्या ट्रेच्या मध्यभागी १२८ अंश फॅरनहाइट (पुढचे सर्व अंशही फॅरनहाइटच) आणि वाऱ्याकडच्या कोपऱ्यात ११७ अंश तापमान होते. पोर्क मध्यभागी १३९ अंशांवर होते, पण वरचा थर १२१ अंशांवर उतरला होता. कापांच्या कडा काळपट आणि कोरड्या पडल्या होत्या, आणि कोंबडीची साल वाफेने रबरासारखी झाली होती.

इथला नियम स्पष्ट आहे. वाढपासाठी ठेवलेले गरम अन्न १३५ अंश फॅरनहाइटच्या (५७ अंश सेल्सियस) खाली जाता कामा नये. ते नेमके कधी खाली गेले हे मला सांगता येत नव्हते, म्हणून उरलेले जवळजवळ नऊ किलो मांस मी टाकून दिले. बारा तास जागून केलेले अन्न कचऱ्यात जाताना पतींचा चेहरा मला पाहवला नाही. कोणालाही त्रास झाला नाही, परंतु तोपर्यंत वाढलेल्या ताटांबद्दल मी पुढचे दोन दिवस काळजीत होते.

त्यानंतर आम्ही काही प्रयोग केले. ट्रेमध्ये गरम रस्सा ओतला, तर ब्रिस्केटवरचा मसाल्याचा काळा, कुरकुरीत थर धुऊन निघाला आणि काप उकडल्यासारखे लागू लागले. वरून फॉइल घट्ट लावले, तर पहिल्याच पाहुण्याने ते काढून बाजूला ठेवले. विजेवर चालणारे दोन वॉर्मर आणले, पण यजमानांच्या बागेतल्या एकाच सॉकेटवर दोन्ही लावताच वीज ट्रिप झाली. यजमानांच्या घरातला ओव्हन वापरण्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

जूनच्या अखेरीस ९५ माणसांची मागणी आहे आणि तीही उघड्यावरच आहे. मला विचारायचे आहे ते असे, की विजेशिवाय, बाहेर, वाऱ्यात, तीन तासांपर्यंत मांस १३५ अंशांच्या वर ठेवता येते का, आणि ठेवता येत असेल तर ते कोरडे किंवा लगदा न होता कसे? उष्णता वाढवली की मांस सुकते आणि ओलावा वाढवला की चव जाते, या कोंडीतून मला मार्ग सापडत नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ (रॅली, नॉर्थ कॅरोलायना)

ताई, तुम्ही अन्न टाकून दिलेत ते अगदी योग्य केलेत, हे आधी सांगतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात आणि मांस कोमट झाले की ते झपाट्याने वाढतात. मोठ्या प्रमाणावर शिजवून तासन्‌तास ठेवलेले मांस हे त्यांचे आवडते ठिकाण आहे, आणि वास किंवा चव बदलत नसल्यामुळे खाणाऱ्याला काहीच कळत नाही.

मी इथल्या एका केटररकडे सहा वर्षे काम केले. तुमच्या वर्णनात मुख्य अडचण अशी दिसते की तुम्ही चेफिंग डिशकडून, म्हणजे खाली पाणी आणि ज्योत असलेल्या वाढपाच्या ट्रेकडून, चुलीचे काम मागत आहात. ती अन्न तापवत नाही, आत आलेली उष्णता फक्त टिकवते, आणि तेही पाणी आधीच उकळते असेल तरच. नळाचे पाणी जेलच्या दोन डब्यांवर तापायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात वरचे मांस निवून जाते. पाणी उकळून थर्मासमधून न्या, खालच्या ट्रेमध्ये साधारण एक इंच भरा, इंधन पेटवून झाकण ठेवा आणि वीस मिनिटांनी वाफ येऊ लागल्यावरच मांसाचा ट्रे वर बसवा. मांस त्या ट्रेमध्ये जाताना किमान १५० ते १६० अंशांवर असले पाहिजे. ते १४० अंशांवर गेले, तर तुमच्या हातात फक्त पाच अंशांची सवलत उरते.

दुसरी गोष्ट ट्रेच्या खोलीची. ४ इंच खोल ट्रे भरला की खालचा थर वाफेवर गरम राहतो आणि वरचा थर हवेत निवतो. तुमच्या पोर्कचे १३९ आणि १२१ हे आकडे तेच सांगतात. अडीच इंच खोलीचे अर्धे ट्रे घ्या, पूर्ण आकाराच्या एका चौकटीत ते दोन बसतात. एक वाढपाला असताना दुसरा झाकलेला राहील.

आमच्याकडे पोर्कवर व्हिनेगर आणि मिरचीचा पातळ सॉस घालतात, म्हणून एक सावधगिरी सांगतो. व्हिनेगर किंवा टोमॅटो असलेले पदार्थ अॅल्युमिनियमच्या पातळ ट्रेमध्ये तासन्‌तास ठेवू नका. आम्लामुळे धातूचा स्वाद उतरतो आणि ट्रेला बारीक छिद्रेही पडू शकतात. त्यासाठी स्टीलचे ट्रे वापरा. पोर्क सोडवताना निघालेला रस मात्र कधीच टाकू नका. वरची चरबी काढा, रस चांगला तापवा आणि ट्रे भरताना थोडा-थोडा मिसळा. पोर्कचे तंतू तो रस शोषून घेतात, ब्रिस्केटचे काप तो बाहेरच ठेवतात, म्हणून हा उपाय पोर्कलाच लागू आहे.

प्रतिसाद २ (ह्यूस्टन)

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण ब्रिस्केटबद्दल वेगळे लिहिणे आवश्यक वाटते, कारण खरे नुकसान ट्रेमध्ये झालेले नाही, ते सव्वाअकराला सुरीखाली झाले. अखंड ब्रिस्केट स्वतःची उष्णता आणि स्वतःचा रस दोन्ही धरून ठेवते. त्याचे काप केले की प्रत्येक कापाच्या दोन्ही बाजू हवेला लागतात, त्यातून उष्णता जाते आणि ओलावाही जातो. टेक्सासच्या जुन्या दुकानांत गिऱ्हाईक समोर उभे राहिल्यावरच ब्रिस्केट कापतात, त्यामागे हेच कारण आहे. लॉकहार्ट किंवा टेलर या बार्बेक्यूसाठी प्रसिद्ध गावी गेलात तर कापणाऱ्याच्या फळीपाशी थोडा वेळ उभ्या राहून पाहा.

तुम्ही ब्रिस्केट २०० अंशांच्या आसपास उतरवत असाल. ते लगेच पेटीत बंद करू नका, कारण आत कोंडलेल्या उष्णतेने ते शिजतच राहते. तापमान १७५ ते १८० अंशांवर आले की जाड कागदात गुंडाळा आणि उष्णतारोधक पेटीत ठेवा. केटरिंगची पेटी नसेल तर जाड भिंतींचा, घट्ट झाकणाचा बर्फाचा मोठा कूलरही चालतो. त्यात आधी उकळते पाणी भरून अर्धा तास ठेवा, ते ओतून द्या, तळाशी जुने टॉवेल घाला, मांस ठेवा आणि उरलेली जागा टॉवेलांनी भरून टाका. रिकामी जागा राहिली की मांसाची उष्णता तिथली हवा तापवण्यात जाते. पेटी भरलेली असली आणि सारखी उघडली नाही, तर चार तास मी निश्चिंत असतो. तरीही केबलचा थर्मामीटर सगळ्यात लहान तुकड्यात खोचून वाचन बाहेर दिसेल असे ठेवा.

वाढप सुरू झाल्यावर एका वेळी पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढेच कापा. कापणारा माणूस टेबलामागे उभा राहिला तर पाहुण्यांनाही ते आवडते. इंधनाबद्दल एक लक्षात घ्या. जेलचा डबा साधारण दोन तास जळतो, म्हणजे सव्वाअकराला पेटवलेले तुमचे डबे सव्वाएकच्या सुमारास विझले असावेत. वातीचे डबे चार किंवा सहा तासांचे मिळतात, ते घ्या. जेलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणून डबा विझला आहे की जळतो आहे हे हात नेऊन कधीच पाहू नका. आणि तारेचे उघडे स्टँड बागेत निरुपयोगी आहेत. ज्योत वाऱ्याने आडवी होते आणि उष्णता ट्रेपर्यंत पोहोचतच नाही. चारही बाजूंनी पत्रा असलेली चौकट मिळते, ती वापरा.

प्रतिसाद ३ (पुणे)

मला बार्बेक्यूचा अनुभव नाही, मात्र लग्नकार्यांच्या बुफेचे काम मी बरीच वर्षे पाहतो आहे. आमच्याकडे नव्या वाढप्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते की उरलेल्या जुन्या पदार्थावर नवा पदार्थ ओतायचा नाही, ट्रेच बदलायचा. नवा ट्रे गरम असतो, जुन्यातले दोन घास थंड असतात, आणि एकत्र केले की दोन्ही बिघडतात. झाकण उघडणे पाहुण्यांवर सोडू नका. प्रत्येक दोन ट्रेमागे एक वाढपी उभा करा. त्यामुळे झाकण बंद राहते आणि मापही सांभाळले जाते.

कोंबडीसाठी मी जागेवरच शेगडी लावण्याचा सल्ला देईन. सालीसकट कोंबडी वाफेवर ठेवली की ती मऊ पडणारच. पनीर टिक्का आम्ही कधी ट्रेमध्ये ठेवत नाही, तो सिगडीवरून थेट ताटलीत देतो. शेगडी शक्य नसेल तर साल काढलेले, मांडीचे तुकडे घ्या. छातीच्या तुकड्यांपेक्षा ते जास्त वेळ रसाळ राहतात.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ९५ माणसांचे काम काल पार पडले, म्हणून आकड्यांसह लिहिते आहे. सहा तासांचे वातीचे डबे, पत्र्याच्या चौकटी, अडीच इंचांचे अर्धे ट्रे आणि घरून नेलेले उकळते पाणी एवढे बदल केले. निघण्यापूर्वी थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात घालून तो ३२ अंश दाखवतो याची खात्री केली. ब्रिस्केट अखंड अवस्थेत कूलरमध्ये नेले. साडेदहाला आत ठेवताना ते १७६ अंशांवर होते आणि दोन वाजता शेवटचा तुकडा बाहेर काढला तेव्हा १५३ अंशांवर. कापण्याचे काम पतींनी टेबलामागे उभे राहून केले, आणि लोक त्यांच्याशी बोलण्यासाठी दुसऱ्यांदा रांगेत आले. ट्रेमधल्या कापांचे तापमान मी दर वीस मिनिटांनी कोपऱ्यात मोजले, सर्वांत कमी वाचन १४१ अंशांचे होते. पोर्कमध्ये त्याचाच तापवलेला रस घातला आणि वरचा थर एकदाही १४४ अंशांच्या खाली गेला नाही. ह्यूस्टनच्या सदस्यांचे म्हणणे खरे ठरले. मी इतके दिवस ट्रेमध्ये उपाय शोधत होते, आणि तो मांस ट्रेमध्ये जाण्याच्या आधी करायचा होता.

एक अडचण मात्र उरली आहे. जागेवर शेगडी लावायला यजमानांनी गवत जळेल म्हणून नकार दिला, त्यामुळे मांडीचे सालरहित तुकडे ट्रेमध्येच ठेवावे लागले. ते गरम आणि मऊ राहिले, तरी पाऊण तासानंतर धुराचा स्वाद फिका झाला आणि तळाशी पाणी साठले. तळाशी जाळी ठेवून तुकडे त्या पाण्यापासून वर उचलावेत असे माझ्या मनात आहे, पण मग खालून मिळणारी उष्णता कमी पडेल का, अशी शंका येते. जाळी वापरून कोणी तापमान मोजले असेल तर कृपया आकडे कळवावेत. पुढची मागणी जुलैच्या दुसऱ्या शनिवारी आहे.