जुने हॉलिवूड म्युझिकल बघताना गाणी पळवावीशी वाटतात, मलाच होतंय का?

तापीकाठ: जळगावात सध्या दुपारी बाहेर पाय टाकायची सोय नाही, म्हणून घरात बसून जुने हॉलिवूडवाले म्युझिकल बघायला घेतलेत. आपण हिंदी सिनेमावर वाढलो, गाणी मधे येतात याचं काही नाही, पण यांचं गाणं संपलं की नाच सुरू होतो आणि तो संपतच नाही, माझं बोट आपोआप दहा सेकंद पुढे जातं. मी चुकीचं बघतोय का?

यार्डातला: भो, पळवू नको, पाय बघ! त्या काळचा नाचणारा हिरो फ्रेड अस्टेअर, त्याचा आग्रहच असायचा की नाचताना डोक्यापासून पायापर्यंत सगळा माणूस दिसला पाहिजे आणि मधे कट कमीत कमी. आपल्याला आता दर दोन सेकंदाला कट बघायची सवय लागलीय म्हणून ते लांबतं असं वाटतं. सिंगिंग इन द रेन (1952) मधलं गुड मॉर्निंग घे, तिघं रेनकोट घेऊन टॅप (बुटाच्या तळाला पत्र्या लावून करतात तो नाच) नाचतात आणि शेवटी सोफ्यावर चढून तो उलटा पाडतात, एकदम एका तालात. त्यातली डेबी रेनॉल्ड्स तेव्हा 19 वर्षांची, नाचात मुरलेली नव्हतीच, त्या शूटिंगनंतर पोरीच्या पायातून रक्त आलं होतं.

कळण्याची भाकर: आमच्या आप्पांना दाखवलं तर म्हणे हा तर तमाशाच शे, फक्त घुंगरू बुटाच्या तळाले ठोकेल शे 😄 यात्रेत फड आला की वग सुरू व्हायला रात्र निम्मी सरायची, आधी गण गवळण बतावणी, कोणी घड्याळ बघत नव्हतं.

साधा प्रेक्षक: सगळंच गोड मानून घ्यायची गरज नाही पण. स्विंग टाइम (1936) मधे तोच अस्टेअर काळ्या माणसाची नक्कल म्हणून तोंडाला काळा रंग फासून नाचतो, आणि सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स (1954) मधे पोरी पळवून आणतात नि ते विनोदी म्हणून दाखवतात. आपला सत्ते पे सत्ता त्याच्यावरूनच, तेव्हा आपणही हसलोच की. मी बघतो, पण तिथे घास अडकतो.

यार्डातला: ते मान्यच. अजून एक गंमत, सिंगिंग इन द रेनची गोष्टच अशी की हिरोईनचा आवाज वाईट म्हणून डेबीचं पात्र पडद्यामागून तिच्यासाठी गातं, आणि खऱ्यात त्यातलं वुड यू हे गाणं बेटी नॉइजच्या आवाजात आहे, डेबीच्या नाही! माय फेअर लेडी (1964) मधे ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सननं गायली, पडद्यावर नाव नाही. आपल्याकडे महलच्या (1949) रेकॉर्डवर लताबाईंऐवजी कामिनी, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव, छापलं होतं, तीच गत.

तापीकाठ: काल रात्री गुड मॉर्निंग परत लावलं, न पळवता. आई वांगी भाजत होती, ओट्यापाशीच उभी राहून बघत बसली, सोफा पडल्यावर म्हणाली परत लाव. एक वांगं पार कोळसा झालं.