मदत हवी आहे: वेबफॉर्ममधला तक्ता मोबाइलवर वावराबाहेर जातोय

नमस्कार मंडळी,

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटाची वेबसाइट मी सांभाळतो. धंदा शेतीचा, संगणक हौसेचा, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. साइट ड्रुपलवर (वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर) आहे, फॉर्मसाठी त्याला वेबफॉर्म नावाचं जोड-मॉड्यूल टाकलं आहे.

खरिपाच्या पेऱ्याची नोंद घ्यायची आहे. एका माणसाचे जमिनीचे दोन-तीन गट सहज असतात, म्हणून पाच ओळी धरल्या. प्रत्येक ओळीत गट नंबर, हेक्टर, आर, पीक. एकाखाली एक लावलं तर वीस रकाने होतात. आमचे काका निम्म्यातच म्हणाले, "काहून बे, इतकं तर तलाठीही विचारत नाही."

हेक्टर आणि आर (हेक्टरचा शंभरावा भाग) वेगळे का, ते सांगतो. आधी क्षेत्राचा एकच रकाना होता. सातबाऱ्यावर 1 हेक्टर 5 आर असेल तर लिहायला हवं 1.05, पण लोक टाकत 1.5. म्हणजे 45 आर जास्त, एकराहून मोठा तुकडा हवेतून आला! शेतकरी गटाची बेरीज मांडताना पऱ्हाटीचा (कापसाचा) पेरा फुगलेला दिसला तेव्हा कुठं लक्षात आलं. म्हणून ते दोन रकाने मी एकत्र करणार नाही.

आतापर्यंत केलेले उद्योग:

फ्लेक्सबॉक्स (रकाने शेजारी-शेजारी मांडायची सोय) लावला. मोबाइलवर नीट घडी पडते, पण मोठ्या पडद्यावर प्रत्येक ओळीत तीच नावं पुन्हा पुन्हा येतात.

कस्टम कंपोझिट (चारही रकान्यांचा एकच संच) केलं, ओळी वाढवायच्या बटणासकट. दिसायला झकास. पण सीएसव्ही (भरलेल्या माहितीची एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) उतरवली तर एका शेतकऱ्याच्या सगळ्या ओळी एकाच खान्यात कोंबलेल्या. बेरीज कशी करू?

शेवटी टेबल एलिमेंट घेतलं. सीएसव्हीत प्रत्येक खाना वेगळा येतो, सेवा केंद्रातल्या मॉनिटरवरही छान दिसतं. पण मोबाइलवर 'पीक' हा रकाना पडद्याबाहेर जातो आणि लोक तो न भरताच पाठवतात. अन् आमच्याकडे फॉर्म भरतात ते मोबाइलवरच, बांधावर उभं राहून.

टेबल ठेवूनच मोबाइलवर घडी पाडता येईल का?

प्रतिसाद १

भाऊ, टेबलच ठेवा. रकान्यांच्या नावाचं सेटिंग काय केलं आहे? 'नन' असेल तर 'इनव्हिजिबल' करा. 'नन'मध्ये नाव पानावर येतच नाही. 'इनव्हिजिबल'मध्ये ते असतं, फक्त झाकलेलं. हेच झाकलेलं नाव मोबाइलवर उघडायचं.

फॉर्मच्या सेटिंग्जमध्ये सीएसएस (पान कसं दिसावं ते सांगणारा कोड) टाकायची जागा आहे. तिथे 600 पिक्सेलपेक्षा अरुंद पडद्यासाठी मीडिया क्वेरी (तेवढ्याच पडद्याला लागू होणारा नियम) लिहा: टेबलचं डोकं लपवा, ओळी आणि खाने 'डिस्प्ले ब्लॉक' करा, लेबलची पोझिशन 'स्टॅटिक' करा. त्याला 'इम्पॉर्टंट' जोडायला विसरू नका, कारण ड्रुपलच्या मूळ सीएसएसमध्येही तो आहे. मी अर्धा दिवस तिथंच घालवला होता. लेबलची रुंदी, उंची आणि क्लिप तिन्ही 'ऑटो' करा, नाहीतर नाव एका पिक्सेलाएवढंच राहील.

आणि पीक सरसकट सक्तीचं करू नका, रिकाम्या ओळी अडतील. त्याच ओळीतला गट नंबर भरला असेल तरच सक्ती, अशी कंडिशन लावा.

धागाकर्ता

जमलं राजेहो! 'नन'च होतं. बदललं तरी आधी काही फरक दिसेना, मग कॅशे (साइटनं साठवून ठेवलेली जुनी पानं) साफ केली. आता मोबाइलवर एकेक गट वेगळा दिसतो, वर नाव, खाली रकाना. कंडिशन पाचही ओळींना एकेक करून लावली, कंटाळवाणं काम.

जाता जाता आरच्या रकान्याला कमाल 99 ची मर्यादा घातली. काकांनी मुद्दाम 120 टाकून पाहिलं. फॉर्मनं अडवलं, तर म्हणाले, "बरं आहे, हिशेब येते याले."