खिशातले घडीचे चाकू: लाल मूठ आणि काळा जाडजूड, एवढंच आहे का?

येळ्ळूरचा_फिटर
घडीचा चाकू म्हटलं की आपल्या बेळगाव भागात दोनच डोळ्यांसमोर येतात. एक लाल मुठीचा स्विस, कुणीतरी परदेशातून आणलेला आणि म्हणून कपाटात जपून ठेवलेला. दुसरा ऑनलाइन मागवलेला काळा, जाडजूड. तसला एक मी घेतला होता. उद्यमबागेत काम करतो, व्हर्नियर हाताशीच असतो, म्हणून पातं मोजलं: पाठीकडे चार मिलिमीटर. रताळ्यात घातलं तर रताळं कापत नाही, फाटतं. कापण्याचं काम पातळ पातं करतं, हे विळीवर बसणाऱ्या आईला ठाऊक असतं आणि आपण चाकू घेताना विसरतो.

ज्यांची आपल्याकडे कुणी दखल घेत नाही असे चाकू सांगतो.

पहिला ओपिनेल. फ्रान्सच्या सावोय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलनं 1890 मध्ये काढला, शेतकऱ्यांसाठी. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ. आठ नंबरच्या चाकूचं पातं साडेआठ सेंटिमीटर, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. खिशात आहे हे कळतसुद्धा नाही. 1955 पासून मुठीच्या तोंडाशी फिरती कडी आली. ती फिरवली की पातं बोटांवर मिटत नाही. रताळ्याचे वेल लावणीसाठी कापताना मी दोन वर्षं हाच वापरतोय. वेल चेंगरत नाही, काप स्वच्छ येतो.

दुसरा दुक-दुक. तोही फ्रान्सचाच, थिएर गावचा, 1929 पासूनचा. पत्रा दुमडून केलेली मूठ, कार्बन पोलादाचं पातं, कडक स्प्रिंग. बस्स. जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी याहून साधा: स्प्रिंग नाही, लॉक नाही, पात्याला मागे छोटी शेपटी असते, ती अंगठ्यानं दाबून धरायची. जर्मनीच्या झोलिंगेनचा मर्केटरही आहे, काळ्या पत्र्याच्या मुठीवर उडी मारणारं मांजर असलेला.

माझं ठाम मत: शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्या माणसाला यातला एक पुरतो. कुणाला पटत नसेल तर कारणासकट सांगा.

कणकुंबीकर
दादा, येळ्ळुरात बसून लाकडी मूठ चांगली वाटते. आमच्या कणकुंबीत एकदा पाऊस लागला की घरातल्या दारांच्या चौकटी फुगतात. माझ्याकडे लाकडी मुठीचा घडीचा चाकू होता. कंपनी राहू दे. आषाढात पातं बाहेरच येईना, नख तुटलं माझं. कार्बनचं पातं तर एका रात्रीत तांबूस. आमच्याकडे कमरेला आकडी आणि आकडीत कोयता. आमच्या लोहारानं गाडीच्या जुन्या कमानपाट्याचा करून दिलाय. मोडला तर त्याच्याकडेच नेतो. तुझा फ्रान्सचा चाकू मोडला तर कुठं नेशील?

येळ्ळूरचा_फिटर
कोयता फांदी तोडायला. सुतळी, खताच्या पोत्याची शिवण, ठिबकची नळी कापायला कोयता काढायचा का? कमानपाट्याचं पोलाद उत्तमच, त्यात वाद नाही. पण दोन्ही कामं वेगळी.

फुगण्याचं म्हणशील तर खरं आहे, लाकूड फुगतं. सावोयमधले लोक मुठीचा मागचा टोकाचा भाग टेबलावर ठोकतात, पातं नखाला लागेल इतकं बाहेर येतं. पावसाळ्याआधी सांध्यात जवसाचं तेल मुरवलं तर त्रास पुष्कळ कमी होतो. आणि गंजाची भीती असेल त्यानं स्टेनलेस पात्याचा घ्यावा. कार्बनचं पातं कांदा, कैरी कापून काळपट निळं पडतं. तो गंज नव्हे. तो थर उलट तांबड्या गंजाला थोडा अडवतो.

अथणीची_द्राक्षबाग
फिटरदादा, तुमचं शेतकऱ्याला एक चाकू पुरतो हे वाक्य मला मान्य नाही. डॉगरिज म्हणजे ज्या खुंटावर द्राक्षाचं कलम बांधतात तो; त्यावर पाचर कलम करताना काडीचा काप आरशासारखा सपाट लागतो. त्यासाठी एकाच बाजूला धार असलेलं पातं पाहिजे. ओपिनेलला दोन्ही बाजूंनी धार, हात थोडा कलला की काप गोलसर येतो, मधे फट राहते आणि कलम मरतं. आमच्याकडे कलम करणाऱ्या टोळ्या येतात. त्यांच्या हातातला कलमाचा घडीचा चाकू पाहिलात तर कळेल. खरी दखल त्याची घ्यायला हवी, तुमच्या यादीत तोच नाही.

येळ्ळूरचा_फिटर
हे मान्य. कलमाचा चाकू यादीत पहिला यायला हवा होता. माझ्या घरी भात आणि रताळी, त्यामुळे सुचलं नाही.

शहापूरची_सुनंदा
स्वयंपाकघराचं मी सांगते. घडीच्या चाकूच्या खाचेत आंब्याचा रस, खोबऱ्याचा चुरा अडकतो. तो धुऊन वाळवला नाही तर वास मारतो, मुंग्या लागतात. भाऊ, शेतात न्या, पण जेवणाच्या डब्याबरोबर ठेवू नका. काकडी चिरायला साधी सुरी बरी, धुतली की झालं.

निपाणीचे_काका
मी चाकू खिशात ठेवण्याच्याच विरोधात आहे. पूर्वी आमच्याकडे चाकू म्हणजे रामपुरी, आणि रामपुरी म्हणजे भांडण. तपासणीत पोरगा सापडला तर पोलिसाला ओपिनेल आणि रामपुरी यातला फरक कोण समजावणार?

येळ्ळूरचा_फिटर
काका, तुमची काळजी रास्त आहे. कायद्याचं एवढं मला माहीत आहे: 2016 च्या शस्त्र नियमांत शस्त्र म्हणून नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं नाव आहे, आणि त्यातूनही घरगुती, शेतीची, कारखान्याची अवजारं वगळली आहेत. साडेआठ सेंटिमीटर म्हणजे साडेतीन इंचसुद्धा नाही. तरी सांबऱ्याला विमानात बसताना हातातल्या बॅगेत ठेवू नये, आणि सभा-मोर्चाला घरीच ठेवावा. सीमाभागात राहतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

चाकूची अशीच भीती जपानमध्ये पसरली. तिथली मुलं हिगोनोकामीनं पेन्सिली तासायची. 1960 मध्ये समाजवादी नेते असानुमा यांना भर सभेत भोसकून मारलं, तेही आखूड तलवारीनं. त्यानंतर मुलांच्या हातून चाकू काढून घेण्याची मोहीम निघाली.

निपाणीचे_काका
भीती अशीच पसरते, म्हणून तर म्हणतो. माझा नातू बारावीत आहे. त्याच्या खिशात मी ठेवू देणार नाही. तंबाखूच्या शेतावर खोपीत खुंटीला टांगून ठेव म्हणेन.

कणकुंबीकर
फिटर, जवसाचं तेल किती दिवस मुरवायचं? आणि पातं स्टेनलेस घेतलं तर धार लावायला आमचा साधा निसणा चालतोय की नाही, तेवढं सांग.

येळ्ळूरचा_फिटर
पातं उघडून सांधा रात्रभर तेलात, मग आठवडाभर सावलीत वाळू दे. निसणा चालतो. पाण्यानं ओला करून घासायचा, आणि ग्राइंडरवर मात्र अजिबात धरू नको. पातं तापून निळं पडलं की धार टिकत नाही.