टाळूच्या ऑपरेशननंतर घरी काय काळजी घ्यायची? मदत हवी आहे

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी. लेक अकरा महिन्यांची आहे. जन्मतःच टाळू दुभंगलेली, ओठ मात्र व्यवस्थित. त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही आणि दूध नाकातून का येतं हे प्रत्येक पाहुण्याला नव्याने सांगावं लागतं. पुढच्या आठवड्यात पुण्याला ऑपरेशन आहे. वजन आणि हिमोग्लोबिन ठीक आलंय. सर्दी-खोकला झाला तर तारीख पुढे जाईल असं सर्जननी बजावलंय, म्हणून सध्या घरात कुणी शिंकलं की त्याची रवानगी माडीवर.

ऑपरेशनची काळजी मी सर्जनवर सोपवली आहे. धाकधूक आहे ती घरी आल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांची. टाके उसवले तर टाळूला छिद्र राहतं, त्याला फिस्टुला म्हणतात आणि मग पुन्हा ऑपरेशन, इतपत समजलंय. ते टाळायला आपल्या हातात काय असतं?

सर्जन म्हणाले चमचा अजिबात नको. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या चमच्याने पाजा. आता कुणाचं ऐकू? ती आजवर बोंडल्यानेच दूध प्यायली आहे आणि हल्ली मऊ भात खाते. दुसरं म्हणजे तिला झोपेत अंगठा चोखायची सवय आहे. कोपर वाकून हात तोंडात जाऊ नये म्हणून हाताला पट्ट्या बांधतात म्हणे, त्या लागतातच का? तिसरा प्रश्न नाजूक आहे. सासूबाईंना जखमेवर मध-हळद लावायची आहे आणि न्हाऊ घालणाऱ्या मावशी रोज घशात बोट घालून कफ काढतात. आम्ही कराडजवळ राहतो, हॉस्पिटल तीन तासांवर. रात्री काही झालं तर कशाला घाबरायचं आणि कशाला नाही?

देवावर विश्वास ठेवा असं कृपया लिहू नका, तो आहेच.

उनाडटप्पू:

कोरफडीचा गर लावा, जखम लगेच भरते. आमच्याकडे सगळ्यांना गुण आला आहे.

रात्रपाळी:

वरचा प्रतिसाद कृपया सोडून द्या. टाळूवर बाहेरून काहीही लावायचं नाही. कोरफड नाही, हळद नाही, तूपही नाही. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला कुठल्याच कारणाने देऊ नये, त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, सुनेच्या तोंडून नको.

मी मुलांच्या सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे. तुमचे सर्जन आणि तिथल्या सिस्टर बहुधा एकच गोष्ट सांगत आहेत. चमचा नको म्हणजे चमच्याचं टोक तोंडाच्या आत नको. बाळाला मांडीवर ताठ बसवा, चमचा किंवा छोट्या वाटीचा काठ खालच्या ओठावर टेकवा आणि थोडं थोडं ओता, आत सारू नका. बोंडल्याची चोच लांब असते, ती सहज टाळूपर्यंत जाते, म्हणून तेवढे दिवस बोंडलं बाजूला ठेवा. स्ट्रॉ नको, चोखणीही नको, चोखताना टाक्यांवर ओढ बसते. वाटीने प्यायची सवय आजपासूनच लावा. दुखऱ्या तोंडाने नवीन काही शिकायला कुठलंच मूल राजी नसतं.

खाण्याचा नियम सोपा आहे: जे गाळणीतून खाली उतरतं ते चालतं. वरणाचं पाणी, मुगाचं पातळ कढण, गाळलेली पेज, नाचणीची आंबील, पातळ ताक. सगळं कोमट किंवा गार, गरम नको. भाताचं शीत, रवा, बिस्किटाचा भुगा, लाह्या नकोत. टाळू मधे आणून शिवताना दोन्ही कडांना बऱ्याचदा उघडी जागा ठेवतात, ती आपोआप भरते. कण नेमके तिथे अडकतात. म्हणून प्रत्येक खाण्यानंतर उकळून गार केलेल्या साध्या पाण्याचे दोन-तीन घोट द्यायचे. ही एक सवय पाळलीत तरी जखम बरीच स्वच्छ राहते. घट्ट जेवण कधी सुरू करायचं हे सर्जन तपासून सांगतील.

आता दुखण्याचं. मूल दुखतं म्हणून पीत नाही, पीत नाही म्हणून तोंड कोरडं पडतं, ताप चढतो, मग ते आणखी रडतं. हे चक्र सुरूच होऊ द्यायचं नाही. पहिले काही दिवस पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेला द्या, रडण्याची वाट बघू नका. दुसरं कुठलंही दुखण्याचं औषध विचारल्याशिवाय नको, काहींनी रक्तस्राव वाढतो. लघवीवर लक्ष ठेवा. सहा-आठ तास लंगोट कोरडा राहिला तर फोन करा.

रात्रीच्या प्रश्नाबद्दल. एक-दोन दिवस लाळ गुलाबीसर येते, ती चालते. टाक्यांवर पांढरट-पिवळट थर येतो आणि तोंडाला वास मारतो. हे बघून आया हमखास घाबरतात, पण तो पू नसतो, जखम भरण्याचाच भाग असतो. सूज असल्यामुळे घोरणंही ऐकू येतं. ताजं लाल रक्त मात्र घरी बघत बसायचं नाही. झोपेत बाळ सारखं गिळतंय आणि मग काळपट उलटी झाली, तर ते रक्त पोटात जात असतं. श्वास घेताना छातीच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील, ताप १०१ च्या वर असेल किंवा बाळ काहीच पीत नसेल, तर लगेच निघा, कराडलाच जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि वाटेतून पुण्याला फोन करा. टाळू बघायला तोंडात बोट किंवा चमचा घालू नका.

रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या दिवसभरात होतो, पण क्वचित आठवड्या-दीड आठवड्यानंतरही होतो. जमलं तर सुट्टी मिळाल्यावर काही दिवस पुण्यातच नातेवाइकांकडे राहा. आणि मावशींना टाके भरेपर्यंत सुट्टी द्या, पगारी द्या हवी तर. घशात बोट, नाकात तेल, नाकात फुंकर, यातलं काही नको. खरं तर एरवीही नको.

खडीसाखर:

आमचा मुलगा आता शाळेत जातो. हाताच्या पट्ट्यांबद्दल सर्जनांचं एकमत नाही. पट्टी बांधलेल्या आणि न बांधलेल्या मुलांची तुलना झाली आहे, त्यात छिद्र राहण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. म्हणून काही जण आता बांधतच नाहीत. आम्हाला झोपेपुरती बांधायला सांगितली होती. दिवसा जागता पहारा. बांधलीच तर कोपर रोज मोकळं करा, एका वेळी एकच हात, आणि कातडी लाल होत नाही ना बघा. अंगठा चोखणाऱ्या मुलीसाठी रात्री बांधलेली बरी असं माझं मत, पण विचारून घ्या.

हातापेक्षा जास्त त्रास चुलत भावंडांच्या खेळण्यांचा झाला. पिपाणी, पेन्सिल, ब्रश, जे सापडेल ते तोंडात. त्या दिवसांत घर गुडघ्याच्या उंचीपर्यंत रिकामं करा.

आणखी एक. एवढं सगळं पाळूनही आमच्या पोराला बारीक छिद्र राहिलं, कडक आणि मऊ टाळू जिथे मिळते तिथे. पपईचा गर नाकातून आला तेव्हा कळलं. बायको कितीतरी दिवस स्वतःला दोष देत होती. सर्जननी समजावलं की फट मुळात किती रुंद होती यावर पुष्कळ अवलंबून असतं. छिद्र दिसलं म्हणून लगेच पुन्हा शिवत नाहीत, निदान सहा महिने थांबतात. काही बारीक छिद्रं आपोआप बुजतात, काहींचा त्रासच नसतो. आमचं नंतर बंद केलं.

कृष्णाकाठची:

सगळं वहीत उतरवून घेतलं. वाटीचा पहिला प्रयोग झाला, निम्मं दूध फ्रॉकवर. मावशींचं काम सोपं निघालं, त्याच घाबरल्या आहेत. सासूबाईंना परवा सर्जनसमोर बसवते. कुणीतरी खासगी निरोपात खर्चाबद्दल विचारलंय म्हणून इथेच लिहिते: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ आणि टाळू हे दोन्ही येतात, तुमच्या अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला विचारा. स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांतही ही ऑपरेशनं मोफत होतात.

ती 'बाबा'ला 'मामा' म्हणते. ऑपरेशननंतर आपोआप सुधारेल का?

बोलकी बाहुली:

वाचा-उपचार करते म्हणून लिहिते. 'ब' म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते. टाळू उघडी असली की ती नाकातून निसटते आणि 'म' ऐकू येतो. तुमच्या लेकीला 'बाबा'च म्हणायचं आहे. ऑपरेशननंतर बऱ्याच मुलांचं सुधारतं, काहींना थेरपी लागते, थोड्यांना पुढे आणखी एक ऑपरेशन लागतं. टाके भरले की 'प', 'ब', 'ट' चे खेळ खेळा. फुगे फुगवणं, मेणबत्ती विझवणं यांनी बोलणं सुधारत नाही, त्यात वेळ घालवू नका.

कानाबद्दल कुणीच लिहिलं नाही. टाळूचे स्नायू कानाची नळीही उघडतात, त्यामुळे या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि कमी ऐकू येतं. दुखत नसल्याने पत्ता लागत नाही. कानाची तपासणी झाली आहे का? गरज असेल तर ग्रोमेट म्हणजे बारीक नळी त्याच भुलीत बसवता येते. तारखेच्या आत विचारा, नाहीतर त्यासाठी वेगळी भूल द्यावी लागेल.

कृष्णाकाठची:

नाही, ऐकण्याची तपासणी झालेली नाही. उद्या सकाळी आधी तोच फोन करते.