पंतप्रधान मधेच बदलला तर निवडणूक सक्तीची हवी का? (यूके)

हॅरोकर
ऑफिसात जेवताना यावर पुन्हा वाद झाला म्हणून इथे विचारतोय. २०१७ पासून मी इथे आहे, पासपोर्ट अजून भारताचाच, पण कॉमनवेल्थवाले म्हणून आपल्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. १२ डिसेंबर २०१९ ला ऑफिसातून थेट पावसात भिजत शाळेच्या हॉलमध्ये गेलो, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली. बोरिस जॉन्सनच्या काँझर्व्हेटिव्ह पक्षाला ३६५ सीट मिळाल्या. मला जॉन्सन पंतप्रधान नको होते, पण लोकांनी निवडले म्हणजे निवडले.

मग जुलै २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला आणि पुढचा पंतप्रधान ठरवला कोणी, तर त्याच पक्षाच्या साध्या मेंबरांनी. लिझ ट्रसबाईंना ८१,३२६ मतं, ऋषी सुनकना ६०,३९९. साडेचार कोटींच्या वर मतदार असलेला देश आणि त्यातले दीड लाखही नाहीत हो! २३ सप्टेंबरला ट्रसबाईंच्या सरकारचं ते मिनी बजेट आलं, ४५ अब्ज पाउंडची करकपात, पैसा कुठून आणणार ते सांगितलंच नाही. सरकारी रोख्यांचे भाव असे कोसळले की २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला (इथली रिझर्व्ह बँक) खरेदीसाठी उतरावं लागलं, आणि गृहकर्जाचे व्याजदर चढले. आमच्या फ्लॅटच्या कर्जाचं दोन वर्षांचं फिक्स (ठरलेला व्याजदर) नेमकं त्या ऑक्टोबरात संपत होतं. ब्रोकरचा फोन आला, म्हणाला आज संध्याकाळी पाचच्या आत फॉर्म भरा, उद्या ही डील राहील याची खात्री नाही. मी स्टेशनच्या जिन्यात उभा राहून मोबाईलवर भरला. हप्ता १,०५० वरून १,५०० पाउंडवर गेला. बाई ४९ दिवसांत गेल्या, हप्ता राहिला. पुढे सुनक आले तेव्हा तर मेंबरांचंही मतदान झालं नाही, आणि आम्हाला विचारलं थेट ४ जुलै २०२४ ला.

माझं म्हणणं, नवा पंतप्रधान आला की सहा महिन्यांत निवडणूक, असा कायदाच हवा. चुकतंय का काही?

नागपूरचा वकील
भाऊ, तुमचा त्रास खरा आहे पण उपाय उलटा पडेल. आधी एक गोष्ट, तुम्ही फुली मारली तेव्हा त्या कागदावर जॉन्सनचं नाव नव्हतं, तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवाराचं होतं. संसदीय पद्धतीत आपण खासदार निवडतो, पंतप्रधान सभागृहाच्या जोरावर टिकतो. ब्रिटनमध्येच कॅलहन १९७६, मेजर १९९०, ब्राऊन २००७, सगळे असेच निवडणुकीशिवाय पंतप्रधान झाले. आपल्याकडे शास्त्रीजी गेल्यावर १९६६ मध्ये इंदिराबाई खासदारांच्या मतानेच आल्या ना, मोरारजींना १६९ आणि त्यांना ३५५.

पण खरा मुद्दा वेगळा. जुलै २०२२ मध्ये दोन-तीन दिवसांत पन्नासच्या वर मंत्री आणि इतर पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले म्हणून जॉन्सन हलले. नेता बदलला की आपलीही सीट पणाला लागणार हे माहीत असतं तर यातल्या किती जणांनी सही केली असती? तुमचा कायदा वाईट पंतप्रधानाला कवच देईल, खासदार म्हणतील राहू दे यालाच. ट्रसबाईपण मग ४९ दिवसांत गेल्या नसत्या. आणि १० मे १९४० आठवा, जर्मन फौजा हॉलंड-बेल्जियममध्ये घुसल्या त्याच दिवशी चेंबरलेन जाऊन चर्चिल आले. तेव्हा काय निवडणूक घेणार होते का?

हॅरोकर
वकीलसाहेब, कवचाचा मुद्दा पटला, हे मी धरलंच नव्हतं. पण खासदार निवडतो हे अर्धंच खरं आहे. आम्ही जाहीरनामा वाचून मत देतो. ट्रसबाई सर्वांत जास्त उत्पन्नावरचा ४५ टक्के कर काढायला निघाल्या, २०१९ च्या जाहीरनाम्यात असं कुठे होतं? माणूस बदलला इथपर्यंत ठीक, त्याच्याबरोबर कार्यक्रमच बदलला, आणि त्याची किंमत आम्ही भरली. २००७ मध्ये ब्राऊन आले तेव्हा निवडणूक घ्या असा लेख खुद्द जॉन्सननी लिहिला होता, म्हणजे हे फक्त माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही.

सदाशिव पेठेतली मास्तरीण
मी राज्यशास्त्र शिकवते म्हणून राहवलं नाही. दुखणं निवडणूक न होण्यात नाहीये, मेंबरांच्या मतदानात आहे. जुलै २०२२ मध्ये खासदारांची शेवटची फेरी झाली तेव्हा सुनक १३७, ट्रस ११३, मॉर्डंट १०५. म्हणजे ट्रसच्या स्वतःच्या पक्षाच्या खासदारांपैकी तिसरा हिस्साही जेमतेम तिच्या मागे होता आणि तरी ती पंतप्रधान झाली, कारण शेवटचा शब्द मेंबरांचा. वकीलसाहेब म्हणतात तो 'सभागृहाचा जोर' तिथे कुठे होता सांगा.

जर्मनीत बघा, चॅन्सेलर (तिथला पंतप्रधान) पाडायचा तर त्याच ठरावात पुढचा कोण हे सांगून बहुमत दाखवावं लागतं. १ ऑक्टोबर १९८२ ला श्मिट गेले, कोल आले, सगळं बुंडेस्टागमध्ये (तिथली लोकसभा), मतं मोजून. आणि तरी कोलना वाटलं की लोकांकडून शिक्का हवा, म्हणून मार्च १९८३ मध्ये निवडणूक घेतली आणि जिंकले. इस्रायलने तर पंतप्रधान थेट लोकांतून निवडून पाहिला, १९९६, १९९९, २००१. लोक पंतप्रधानाला एक मत आणि छोट्या पक्षाला दुसरं द्यायला लागले, सभागृहाचे तुकडे झाले आणि २००१ मध्ये तो कायदा मोडीत निघाला.

मला विचाराल तर कायदा एवढाच हवा, पक्ष सत्तेत असताना नेता फक्त खासदार निवडतील आणि नव्या पंतप्रधानाने आठवड्याभरात आपला कार्यक्रम मांडून विश्वासदर्शक ठराव जिंकायचा. आपल्याकडे गुजरालांनी एप्रिल १९९७ मध्ये लोकसभेत विश्वास मिळवलाच ना. ब्रिटनमध्ये अशी सक्तीच नाही, हे मुलांना सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. महाराष्ट्रात तर २००८ ला विलासराव जाऊन अशोकराव, २०१० ला ते जाऊन पृथ्वीराजबाबा, जून २०२२ ला उद्धवजी जाऊन शिंदे, आपल्याला मधे कोणी विचारलं? पण बहुमत सभागृहात मोजलं गेलं की निदान कोण कुठे उभं आहे ते दिसतं तरी.

हॅरोकर
मॅडम, १३७-११३ चा आकडा मला माहीतच नव्हता. तुमचा ठराववाला मार्ग मान्य, पण त्यात एक भर घालतो. जाहीरनाम्यात नसलेला कराचा मोठा बदल आणायचा असेल तर आधी निवडणूक, माणूस जुना असो की नवा. वकीलसाहेब, यात तुमचा कवचाचा प्रॉब्लेम येत नाही ना, सांगा. मी तेव्हा घाबरून पाच वर्षांचं फिक्स घेतलं, ते ऑक्टोबर २०२७ ला संपतंय, तोपर्यंत दर महिन्याच्या एक तारखेला ते १,५०० जातात.